उत्तर आलं होतं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचे नाव आज कुणाला सांगता येत नाही, आणि जिथे राजधानी होती तिथे आता ज्वारी डोलते. पण डोंगर अजून आहे, डोंगरावर गडाचे दार आहे, आणि त्या दाराची गोष्ट आहे. लहानांनी ती ऐकावी. मोठ्यांनी ऐकताना जरा मान खाली घालून बसावे, कारण ती आपल्यासारख्याच माणसांची आहे.

त्या राज्याच्या पहिल्या राजाला राजधानीच्या वरच्या डोंगरावर गड बांधायचा होता. दगड डोंगरावरच मिळणार होता. पण चुना, लाकूड, लोखंड, सगळे खालून डोक्यावर वाहून न्यावे लागणार होते. राजाने नगरातल्या लोकांना बोलावले आणि मदत मागितली.

लोक म्हणाले, गड तुमचा, खांदे आमचे, यात आमचे काय?

राजा म्हणाला, संकट आले तर गड तुमचाही.

त्यावर एक म्हातारा कुंभार हसला. "महाराज, संकट आलं की दारं आतून लागतात. बाहेरून लागणारं दार काही आम्ही अजून पाहिलं नाही."

राजा विचारी होता. त्याला कुंभाराचा राग आला नाही. त्याने दोन दिवस विचार केला आणि मग सगळ्यांसमोर एक नियम सांगितला. गडाचे दार रोज दिवस मावळताना लागेल, आणि संकट आले तर लगेच लागेल. पण लावण्याआधी किल्लेदार स्वतः दारात उभा राहील आणि खाली तोंड करून तीनदा हाक देईल, 'कुणी राहिलंय का?' प्रत्येक हाकेनंतर तो थांबेल आणि ऐकेल. उत्तर आले, तर उत्तर देणारा आत येईपर्यंत दार लागणार नाही. मग तो सेनापती असो, नाहीतर मोळीविक्या.

हा नियम दाराच्या कमानीवर कोरला गेला. मग लोकांनी चुना वाहिला, सागाचे वासे वाहिले, लोखंडाचे खिळे वाहिले. गड उभा राहिला. त्या कुंभाराने वरच्या पाण्याच्या टाक्यासाठी घडे करून दिले आणि त्याचे मोल घेतले नाही.

पिढ्या गेल्या. राजे बदलले, किल्लेदार बदलले, हाक तीच राहिली. संध्याकाळी ती डोंगरावरून खाली येई आणि नगरातल्या बायका दिवा लावायला उठत. गडावरचे कुणी ना कुणी रोज उशिरा परतत असे. गवत कापणारे असत, लग्नाला गेलेले असत, खाली बाजारात भांडत बसलेले असत. खालून ओरडा येई, 'थांबा, आलो,' आणि दार थांबे.

ज्या किल्लेदाराची ही गोष्ट आहे, त्याच्या काळात रोज उशीर करणारी एक म्हातारी होती. ती विड्याची पाने विकायची. राहायची गडावरच, टाक्याजवळच्या खोपटात. पण तिचा मुलगा आणि सून खाली पानमळ्यात राहत. रोज सकाळी ती ताज्या पानांसाठी खाली उतरे, दिवसभर नातवंडांत रमे, आणि दिवस कलला की टोपली डोक्यावर घेऊन वर निघे. तिचे गुडघे दुखत. किल्लेदाराने पहिली हाक दिली की शेवटच्या वळणावरून तिचा आवाज येई.

"आहे रे, मी आहे. दार धर."

"रोज तूच कशी राहतेस, म्हातारे?"

"माझ्या गुडघ्यांना विचारलं असतं, तर गड खालीच बांधला असता."

शिपाई हसत. किल्लेदार कपाळाला आठ्या घालून उभा राही, पण त्या आठ्या लटक्या आहेत हे सगळ्यांना माहीत होते. म्हातारी धापा टाकत आत येई आणि टोपलीतून एक पान काढून त्याला विडा करून देई. तो विडा तोंडात टाकूनच किल्लेदार अडसर घालायला सांगे. असे किती वर्षे चालले होते, ते त्या दोघांनी कधी मोजले नव्हते.

मग एका वर्षी पाऊस कमी झाला. गडावरचे टाके अर्धेच भरले. आणि त्याच वर्षी, उन्हे तापू लागली तेव्हा, नदीपलीकडे परक्या फौजेची धूळ दिसली.

नगरात पळापळ झाली. जे जवळ होते ते लगेच गडावर आले. बाकीचे वाटेवर होते. कडेवर पोरे, डोक्यावर बोचकी, म्हातारे पाठुंगळी. डोंगराची वाट खालपासून वरपर्यंत माणसांनी भरून गेली.

त्या वेळचा राजा तरुण होता. तो वाईट नव्हता, घाबरलेला होता. त्याने प्रधानाला आणि किल्लेदाराला सदरेवर बोलावले. प्रधान म्हणाला, टाक्यातले पाणी आत आहेत त्यांनाच जेमतेम पुरेल. वाटेवरचे सगळे आत आले, तर वेढा उठण्याआधी गड तहानेने मरेल.

राजाने आत आलेल्यांचा आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाला, "दार लावा."

किल्लेदाराने विचारले, "आणि हाक, महाराज?"

"हाक द्या ना. पूर्वजांचा नियम आहे. मी नियम मोडायला सांगत नाही."

"हाक दिली तर उत्तर येईल."

राजाने मान वळवली. प्रधान खिडकीतून बाहेर बघत होता. तो तसाच बाहेर बघत म्हणाला, "शत्रू दिसला की नगारा वाजवायचा, हाही नियमच आहे. आज तो चांगला जोरात वाजायला हवा."

यापलीकडे कुणी काही बोलले नाही. किल्लेदाराला समजले. न समजल्यासारखे करणे त्याला शक्य होते, परत विचारणेही शक्य होते. पण त्याने मुजरा केला आणि तो निघाला.

नगारखाना दाराच्या वरच होता. किल्लेदाराने नगारजीला सांगितले, मी हात वर करेपर्यंत थांबायचे नाही. नगारजीने कारण विचारले नाही. त्याने टिपऱ्या उचलल्या, आणि नगाऱ्याचा आवाज असा कोसळू लागला, की दारातल्या शिपायांना स्वतःचा श्वास ऐकू येईना.

किल्लेदार दारात उभा राहिला. त्याने तोंडाशी हात नेले आणि सगळा जीव गोळा करून हाक दिली, "कुणी राहिलंय का?" त्याचा आवाज मोठा होता; वाऱ्यावर तो वाटेपर्यंत पोहोचला. नियमाप्रमाणे तो थांबला. नियमाप्रमाणे त्याने ऐकले. ऐकू आला तो नगारा.

त्याने दुसरी हाक दिली. वाटेवरची तोंडे उघडली, मिटली, पुन्हा उघडली. तिसरी हाक देताना त्याला शेवटच्या वळणावर म्हातारी दिसली. डोक्यावर टोपली होती, एक हात तिने वर केला होता. मागे वळून ती लोकांना काहीतरी सांगत होती. मग तिने दाराकडे पाहिले आणि तिचे ओठ हलले. तिचा आवाज ऐकल्याशिवाय त्याने तिला त्या वळणावर कधी पाहिले नव्हते.

अडसर पडला.

परक्या फौजेने नगर लुटले आणि जाळले. गडाच्या वाटेवर शेवटच्या वळणाशी काय झाले, ते गडावरून स्पष्ट दिसत होते. म्हणून तटावरच्या शिपायांना पाठ फिरवून उभे राहायला सांगण्यात आले. गड मात्र फौजेला घेता आला नाही. पावसाळा जवळ आला तशी ती निघून गेली. टाक्याच्या तळाशी तेव्हाही थोडे पाणी होते.

गडाला 'अजिंक्य' असे नाव मिळाले. राजाने किल्लेदाराला सोन्याचे कडे दिले. नगारजीला मान मिळाला, की त्या दिवसाची आठवण म्हणून रोज संध्याकाळी हाकेच्या वेळी नगारा वाजावा. भाटाने गडाचा इतिहास रचला, आणि दरवर्षी त्या तिथीला भर दरबारात तो म्हटला जाऊ लागला. त्यात ओळी होत्या, 'हाक दिली. उत्तर ऐकू आले नाही. दार लागले. गड राहिला.'

यातले एकही वाक्य खोटे नव्हते. पुढे म्हणता म्हणता 'ऐकू' हा शब्द गळून गेला. 'हाक दिली. उत्तर आले नाही.' तसे म्हणायला सोपे जाई. मुलांनी ते तसेच पाठ केले.

खाली जे उरले होते त्यांनी घरे पुन्हा बांधली. ते गडावर धान्य आणत, लाकूड आणत, पाने आणत. कुणी एक शब्दही वावगा बोलत नसे. किल्लेदाराला आधी वाटले, लोक विसरले. माणसाला जे हवे असते ते त्याला लवकर वाटते.

फक्त एक गोष्ट बदलली. संध्याकाळी नगारा वाजे, तो हाक देई, आणि कुणी उत्तर देत नसे. नगारा चालू असे तेव्हाही नाही, आणि हात वर करून तो थांबवला तरीही नाही. किल्लेदार म्हणे, बरे झाले, लोकांना वेळेचे भान आले.

एकदा पहाटे दार उघडले तर उंबऱ्याबाहेर माणसे बसलेली. थंडीने आखडलेली, बोचकी पोटाशी धरलेली. रात्रभर ती तिथेच होती. त्यांच्यात म्हातारीची सून होती, पानांची टोपली घेऊन.

किल्लेदार चिडला. "इथं दाराशी बसून होतात? काल माझी हाक ऐकली नाहीत?"

"ऐकली की," सून म्हणाली.

"मग उत्तर द्यायला काय झालं होतं?"

तिने टोपली उचलून डोक्यावर ठेवली. "उत्तर येत नसतं ना इथं. तुमच्या इतिहासातच आहे तसं. माझी पोरंसुद्धा म्हणून दाखवतात."

बाकीची माणसे जमिनीकडे बघत राहिली. कुणी हसले नाही. हसली असती तर किल्लेदाराला बरे वाटले असते.

ती आत जाऊ लागली तेव्हा त्याने तिला थांबवले. जी गोष्ट तो स्वतःलाही विचारत नव्हता, ती त्याने विचारली. "त्या दिवशी म्हातारी काय म्हणत होती? तू होतीस ना वाटेवर?"

"होते. खालच्या वळणावर, पोरांना घेऊन. सासूबाई आमच्या पुढं होत्या."

"काय म्हणाली ती?"

सुनेने टोपली उतरवून उंबऱ्यावर ठेवली. मग तिने शांतपणे सांगितले. फौज दिसल्यावर अर्धी माणसे वाट सोडून बाजूच्या रानात उतरायला निघाली होती. ओढ्याच्या घळीत लपले असते तर वाचले असते. जे लपले ते वाचलेच. तेवढ्यात हाक आली. म्हातारीने मागे वळून सगळ्यांना थांबवले.

"म्हणाल्या, 'पळू नका गं. त्यानं हाक दिली की तो थांबतो. मी रोज बघते ना.' मग तुमच्याकडं तोंड करून रोजचंच ओरडल्या. 'आहे रे, मी आहे. दार धर.'"

किल्लेदार भिंतीला टेकला.

सून म्हणाली, "तुम्ही नुसतं दार लावलं असतं ना, तर आम्ही रानात गेलो असतो. हाक आली म्हणून माणसं थांबली. मी पोरांना घेऊन मागं फिरले, कारण धाकटं रडत होतं. एवढंच. त्यात माझी काही अक्कल नव्हती."

एवढे बोलून ती पाने विकायला आत गेली. त्या दिवशी तिने किल्लेदाराला पान दिले नाही, आणि त्याने मागितले नाही.

त्याने लगेच काही केले, असे नाही. लाज वाटणे आणि ती बोलून दाखवणे यांत पुष्कळ अंतर असते. ते अंतर चालायला त्याला बरीच वर्षे लागली. तो रोज हाक देत राहिला. कडे बाहीखाली झाकू लागला. विडा खाणे त्याने सोडले, आणि बायकोने कारण विचारले तेव्हा दात दुखतात म्हणून सांगितले.

दरवर्षी त्या तिथीला वर दरबार भरे. त्याच दिवशी खालची माणसे शेवटच्या वळणावर येत, विड्याचे एकेक पान दगडाखाली दाबून ठेवत आणि दार लागायच्या आत परत जात. वरून त्यांना कुणी काही विचारत नसे. किल्लेदार ते नगारखान्यातून बघे. नगारजीही बघे. दोघे त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

एका वर्षी भाट उभा राहून म्हणत होता, 'हाक दिली. उत्तर आले नाही.' तेवढ्यात किल्लेदार जागेवरून उठला. केस पिकलेले, पाठ थोडी वाकलेली. तो म्हणाला, "उत्तर आलं होतं."

भाट थांबला. दरबारात कुणी तरी खाकरले.

"महाराज, उत्तर आलं होतं. शंभर तोंडांनी आलं होतं. मी ते ऐकू येऊ दिलं नाही. हाक देऊन मी माणसं थांबवली, आणि मग दार लावलं."

राजाही आता तरुण राहिला नव्हता. त्याचा चेहरा उतरला, पण आवाज कडक राहिला. "मी तसा हुकूम दिला नव्हता."

"नाही, महाराज. तसा हुकूम कुणीच दिला नव्हता. तुम्ही नियम पाळायला सांगितलात, प्रधानजींनी नगारा वाजवायला सांगितला, मी हाक दिली, नगारजीने टिपऱ्या मारल्या. प्रत्येकाच्या वाट्याला इतकं थोडं आलं, की कुणालाच लाज पुरली नाही."

प्रधान म्हणाला, म्हातारपणी माणसाची स्मृती जाते. राजाने त्याच शब्दांचा आधार घेतला. किल्लेदाराला विश्रांतीची गरज आहे, असे जाहीर झाले. त्याने कडे काढून गालिच्यावर ठेवले आणि तो गड उतरला. भाटाने पुढची ओळ म्हटली.

खाली त्याचे स्वागत झाले नाही, आणि अपमानही झाला नाही. लोकांनी त्याला वाट दिली, एवढेच. पानमळ्याच्या कडेला त्याने झोपडी बांधली, बायकोलाही खाली आणले. सून कधी बोलली तर हवापाण्याबद्दल बोले.

दिवस मावळायच्या सुमाराला तो रोज काठी टेकत वर चढे, ते शेवटच्या वळणापर्यंत. तिथे दगडावर बसे. वर नगारा सुरू होई. दारात नवा किल्लेदार येई. तो तरुण होता. नियम त्याला तोंडपाठ होता आणि तो पाळण्यात त्याला अभिमान वाटे. हाक येई, "कुणी राहिलंय का?"

म्हातारा उठून उत्तर देई, "मी राहिलोय."

नगारा ते गिळून टाकी. दार लागे. म्हातारा काठी टेकत खाली उतरे. गुराखी त्याला हसत. म्हणत, आज तरी घेतले का आत? तो म्हणे, आज नाही, उद्या बघू.

वर्ष झाले. पुन्हा ती तिथी आली. वर दरबार संपला, खाली माणसे शेवटच्या वळणावर जमली आणि पाने दगडाखाली ठेवू लागली. या वेळी म्हाताऱ्याला दम लागला होता. तो उशिरा पोहोचला, आणि त्याला वाट करून देता देता लोकही रेंगाळले. दिवस मावळला. नगारा सुरू झाला.

नव्या किल्लेदाराने पहिली हाक दिली. म्हाताऱ्याने उत्तर दिले. नगाऱ्याने ते गिळले.

दुसऱ्या हाकेच्या वेळी नगारजीचे हात मंदावले. तो खाली बघत होता. त्या दिवशी याच नगारखान्यातून त्याने हीच वाट, हेच वळण पाहिले होते. त्याने टिपऱ्या नगाऱ्यावर आडव्या ठेवल्या. डोंगरावर इतकी शांतता झाली, की टाक्यात घडा बुडल्याचा आवाज आला.

शिपायाने वर बघून विचारले, काय झाले. नगारजी म्हणाला, "तेव्हा वाजव म्हणाले म्हणून वाजवला. आज मला कुणी थांब म्हणालं नाही. मीच थांबलो."

तिसरी हाक आली. आणि खालून, थकलेल्या पण स्पष्ट आवाजात, सगळ्या गडाला ऐकू जाईल असे उत्तर आले.

"आहे. मी राहिलोय. दार धर."

नव्या किल्लेदाराने आयुष्यात पहिल्यांदा हाकेला उत्तर ऐकले. तो गोंधळला, पण नियम त्याला पाठ होता. त्याने अडसर धरलेल्या शिपायांना थांबवले आणि राजाकडे माणूस धाडला. म्हातारा वर येईना. अंधार पडू लागला. शेवटी राजा स्वतः दारात आला आणि त्याने खाली आवाज दिला.

"येत का नाही तुम्ही? दार किती वेळ धरायचं?"

"महाराज, मी एकटा नाही. माझ्या आधीचे राहिलेत. ते आल्याशिवाय मी कसा येऊ?"

"कोण राहिलेत?"

म्हाताऱ्याने तोंड उघडले आणि तो अडखळला. इतकी वर्षे तिच्या हातचा विडा खाल्ला होता, इतकी वर्षे तिच्या आवाजावर दार धरले होते. पण तिचे नाव त्याने कधी विचारले नव्हते. ती 'म्हातारी' होती, 'पानवाली' होती. तो तसाच उभा राहिला. अंधारात त्याचा चेहरा दिसत नव्हता, हे बरे होते.

त्याच्या मागून सून पुढे आली. वर तोंड करून ती म्हणाली, "सगुणा राहिलीय."

गेलेल्या माणसाचे नाव मोठ्याने घ्यायला किती बळ लागते, ते ज्यांनी घेतले आहे त्यांनाच ठाऊक असते. पण एकाने घेतले की दुसऱ्याला घेता येते. एक माणूस म्हणाला, माझा भाऊ राहिलाय, धोंडी. एक बाई म्हणाली, येसू आणि तिची दोन्ही पोरं. कुणी म्हणाले, आमचे अण्णा, त्यांना दिसत नव्हतं, मी त्यांचा हात सोडला. नावे येत राहिली. वर गडावरच्या माणसांनी ऐकता ऐकता माना खाली घातल्या. शेवटी एक म्हातारा गवंडी म्हणाला, "आमचं बाळ राहिलंय. बारसं व्हायचं होतं, त्यामुळं नाव नाही सांगता येत."

नवा किल्लेदार राजाकडे वळला. "महाराज, नियम काय सांगतो? उत्तर देणारा आत येईपर्यंत..."

"मला माहीत आहे नियम काय सांगतो," राजा म्हणाला.

तो उंबऱ्यावर खाली बसला. राजा उंबऱ्यावर बसलेला त्या गडाने कधी पाहिला नव्हता. बऱ्याच वेळाने तो उठला, दाराबाहेर पडला आणि वाट उतरून शेवटच्या वळणापर्यंत गेला. इतक्या वर्षांत तो पालखीत बसून तिथून जाई; पायी कधी आला नव्हता. दगडाखाली दाबलेली पाने त्याने वाकून पाहिली. लोकांनी त्याला वाट दिली, एवढेच.

परत वर गेल्यावर त्याने सांगितले, "दार राहू दे तसंच. अजून सगळे आले नाहीत."

ते दार पुन्हा लागले नाही; हाक मात्र रोज संध्याकाळी येत राहिली, नगाऱ्याशिवाय. गडाच्या इतिहासातून 'अजिंक्य' हा शब्द राजाने स्वतः काढायला लावला. आता ओळ अशी झाली, 'हाक दिली. उत्तर आले होते.' ती म्हणताना भाटाची जीभ जड होई, आणि ती जड व्हावी असेच राजाला वाटे. उघड्या दाराचा गड राजांच्या कामाचा नसतो. पुढच्या राजाने राजधानी दुसरीकडे नेली, नगर ओस पडत गेले. गड कुणी जिंकला नाही आणि कुणी राखलाही नाही. बिजागऱ्या गंजल्या, फळ्या मातीत रुतल्या.

पण राजधानी हलण्याआधीची एक संध्याकाळ सांगायची राहिली. जुना किल्लेदार वारला, त्या दिवशीची. हाक आली, तेव्हा शेवटच्या वळणावरचा दगड रिकामा होता. खाली उभी असलेली माणसे एकमेकांकडे बघू लागली. याच्या वतीने उत्तर द्यावे की नाही, हे कुणाला ठरवता येईना. मग सून पुढे झाली.

"किल्लेदार राहिलाय," ती म्हणाली. त्याचे नाव तिलाही ठाऊक नव्हते.

वरून आवाज आला, "धरलंय दार."

बोध एवढाच: उत्तर ऐकायचे मनात नसताना दिलेली हाक ही बंद दारापेक्षा मोठा घात करते.